एकाच अँपवर पुढचे स्पीकर आणि वूफर: फ्रीवेच्या बोगद्यात सगळं गप्प

विक्रोळीकर | शुक्रवार, रात्री १०.२०

मंडळी, आजवर इथे नुसता वाचनमात्र होतो. आज अडलंय म्हणून पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी २०१६ ची स्विफ्ट. रोज विक्रोळी ते फोर्ट आणि परत, म्हणजे दिवसाचे अडीच तास तरी गाडीत जातात. जुने स्पीकर जरा आवाज वाढवला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखे वाजायचे. बोनस आला तेव्हा बायकोच्या नजरेला नजर न देता सगळं एकदाच घेऊन टाकलं. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट (ट्विटर वेगळा असलेले स्पीकर), ४ ओहमचे. डिकीत बंद पेटीतला १० इंची वूफर (बास वाजवणारा मोठा स्पीकर). आणि या सगळ्यांना मिळून चार चॅनलचा एकच अँप (ॲम्प्लिफायर), शेजारच्या सीटखाली. अँपच्या कागदावर लिहिलंय: ४ ओहमला प्रत्येक चॅनल ५० वॉट आरएमएस (म्हणजे सलग देता येणारी ताकद), २ ओहमला ७५, आणि दोन चॅनल ब्रिज केले, म्हणजे एकत्र जोडले, तर ४ ओहमला १५०. चॅनल १-२ वर पुढचे स्पीकर, ३-४ ब्रिज करून वूफर. मागच्या दारांतले जुने स्पीकर थेट स्टिरिओवर, तसेच ठेवलेत.

पहिली पंधरा-वीस मिनिटं स्वर्ग. ईस्टर्न फ्रीवेचा बोगदा आला की सगळं ठप्प. मागचे ते दोन तेवढे किरकिरत राहतात, त्यामुळे आणखीच वाईट वाटतं. उतरल्यावर सिग्नलला वाकून पाहिलं तर अँपचा हिरवा दिवा लाल झालेला. दहा मिनिटांनी आपोआप सुरू.

शिवाय गाणं थांबवून ॲक्सिलरेटर दाबला की "कुंईंई" असा आवाज येतो, इंजिनाबरोबर चढतो आणि उतरतो.

फिटर म्हणतो, "साहेब, एका अँपवर दोन्ही चालत नाही, वूफरला वेगळा मोनोब्लॉक घ्या." (म्हणजे एकाच चॅनलचा अँप.) खरंच चालत नाही का?

बोरिवली फास्ट | शुक्रवार, रात्री १०.३१

ज्ञान शून्य, पण चहा-खारी घेऊन बसलोय. ओहमकार येतीलच.

ओहमकार | शुक्रवार, रात्री ११.०५

आलो.

एका अँपवर दोन्ही आरामात चालतं. अर्ध्या मुंबईच्या गाड्यांत हेच आहे. मोनोब्लॉक घ्यायच्या आधी दोन गोष्टी सांगा. वूफर सिंगल कॉइल की डबल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी एक की दोन? आणि वूफरची वायर अँपमधून सोडवून तिच्या दोन टोकांत मल्टिमीटर किती ओहम दाखवतो? २०० च्या रेंजवर ठेवा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवा, जो ०.२-०.३ आकडा येईल तो वजा करा, नाहीतर इतक्या लहान मापात तोच घोळ घालतो.

विक्रोळीकर | शनिवार, सकाळी ११.१५

वरच्या मजल्यावरच्या काकांकडून मीटर आणला. डबल कॉइल आहे, पेटीवर "४+४" लिहिलंय. वजाबाकी करून आकडा येतो १.८.

आता यात चांगलं काय, वाईट काय, ते मला माहीत नाही.

ओहमकार | शनिवार, दुपारी १२.४०

वाईट. तुमच्या फिटरने दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्यात, म्हणजे अधिकाला अधिक आणि उण्याला उणं.

ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, कमी ओहम म्हणजे जास्त करंट. मीटर कॉइलचा डीसी रेझिस्टन्स दाखवतो. तो नेहमी छापील ओहमपेक्षा थोडा कमी येतो. ४ ओहमची कॉइल साडेतीनच्या आसपास दाखवते. अशा दोन पॅरलल झाल्या की पावणेदोन, म्हणजे तुमचा १.८. छापील भाषेत २ ओहम.

आता ब्रिज म्हणजे काय ते बघा. दोन चॅनल एकाच वूफरला दोन बाजूंनी धरतात, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. त्यामुळे वूफर जितक्या ओहमचा असेल त्याच्या निम्माच प्रत्येक चॅनलला जाणवतो. ४ ओहमचा लावला तर प्रत्येकाला २. तुमच्या अँपची खालची हद्द तीच आहे, म्हणूनच कागदावरचा १५० हा ७५ च्या बरोबर दुप्पट आहे. तुम्ही लावलाय २ ओहमचा. प्रत्येक चॅनलला १ ओहम. दोघांच्या खाटेवर चौघे झोपवलेत, खाट अजून मोडली नाही हेच नवल. करंट वाढतो, अँप तापतो, पंधरा-वीस मिनिटांत स्वतःला वाचवायला बंद होतो. लाल दिवा तोच. बोगद्याचा काही दोष नाही, विक्रोळीहून तिथे पोचायला तेवढीच मिनिटं लागतात.

उपाय फुकटात. वूफर पेटीतून बाहेर काढा. पहिल्या कॉइलचं उणं टर्मिनल आणि दुसऱ्या कॉइलचं अधिक टर्मिनल एका तुकड्याने जोडा. उरलेलं अधिक आणि उरलेलं उणं अँपकडे न्या. झाली सीरिज, ८ ओहम. मीटर सातच्या आसपास दाखवेल. अँपवर ब्रिजची खूण रेघेने दाखवलेली असते: सहसा ३ चं अधिक आणि ४ चं उणं. मधली दोन टर्मिनलं रिकामी राहतात, तिथे काही खुपसू नका.

चाकोरीबाहेर | शनिवार, दुपारी १.१०

पण ८ ओहमला आवाज पडेल ना? त्यापेक्षा ब्रिज न करता एक कॉइल ३ वर आणि दुसरी ४ वर दिली तर? दोन्ही चॅनलना ४-४ ओहम मिळतील, अँपही खूश.

(मी माझ्या गाडीत सगळं स्वतः केलंय, फक्त वूफर सिंगल कॉइल असल्याने हा प्रश्न कधी पडला नाही.)

ओहमकार | शनिवार, दुपारी १.३५

प्रश्न झकास आहे. गणित करून बघा, दोन्ही वाटा एकाच गावाला जातात. वेगवेगळं दिलं तर ५० अधिक ५०, १०० वॉट. ८ ओहम ब्रिज केला तर प्रत्येक चॅनलला निम्मा म्हणजे ४ ओहम जाणवतो, तिथेही प्रत्येकी ५०, एकूण १००. फरक इतकाच की वेगवेगळं दिल्यावर दोन्ही चॅनलना अगदी तोच सिग्नल आणि तोच गेन (अँप सिग्नल किती वाढवतो ते) मिळायला हवा. गाण्यात डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं असलं तर दोन कॉइल एकाच कोनला वेगवेगळं ओढणार. ब्रिजमध्ये ती कटकट नाही.

आणि १५० ऐवजी १०० वॉट म्हणजे पावणेदोन डीबीचा (डेसिबलचा) फरक. दोन्ही एकापाठोपाठ एक वाजवले तर "हां, थोडं कमी वाटतंय" एवढंच. तेवढाही नको असेल तर पुढे-मागे हा वूफर विकून २+२ वाला घ्या. त्याच्या कॉइल सीरिजमध्ये ४ ओहम होतात, मग पूर्ण १५०. खरं तर खरेदीच उलटी झाली. आधी अँपचा कागद वाचायचा, मग वूफर किती ओहमचा ते ठरवायचं. दुकानात सगळे इंच विचारतात, ओहम कुणी विचारत नाही.

आणखी एक, कुणी "एकच कॉइल लाव, दुसरी मोकळी सोड" म्हणेल. वाजतो. पण वॉट सोसायची ताकद निम्मी होते आणि वूफरचा स्वभावच बदलतो, त्याच पेटीत सैल वाजायला लागतो. नको.

गिरगावचे काका | शनिवार, दुपारी ४.२०

वामकुक्षीनंतर वाचलं. पोरांनो, तुमच्याकडे चार चॅनल तरी आहेत. आम्ही दोन चॅनलच्या अँपवर दोन स्पीकर आणि एक वूफर, तिन्ही वाजवायचो. त्याला ट्राय-मोड म्हणत. डाव्या चॅनलवर डावा स्पीकर, उजव्यावर उजवा, आणि त्याच दोन चॅनलच्या मधे, डाव्याच्या अधिकापासून उजव्याच्या उण्यापर्यंत, वूफर. प्रत्येक स्पीकरच्या वाटेत कपॅसिटर, म्हणजे बास त्याच्याकडे जात नाही. वूफरच्या वाटेत तांब्याची कॉइल, म्हणजे वरचे सूर त्याच्याकडे जात नाहीत. ४ ओहमला ८० हर्ट्झवर तोडायचं तर साधारण ५०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (अधिक-उणं नसलेला) कपॅसिटर आणि ८ मिलिहेन्रीची कॉइल. कॉइल एवढी मोठी की मुलगी म्हणायची, बाबा गाडीत वाटी कसली ठेवलीय.

लॅमिंग्टन रोडला दोन शनिवार घालवायचो नुसते कपॅसिटर शोधायला. साधा पोलर लावलेला एकाचा फुटला होता, गाडीभर कुजका वास.

तुझ्या फिटरचं मात्र मला आश्चर्य वाटत नाही. दुकानात गिऱ्हाईकाला पाच मिनिटं वाजवून दाखवायचं असतं, त्यात २ ओहम दणदणीत वाजतो. तापायला पंधरा मिनिटं लागतात. तोवर तू पैसे देऊन सायनला पोचलेला.

बोरिवली फास्ट | शनिवार, दुपारी ४.२६

काका, वाटीचं शेवटी काय झालं?

गिरगावचे काका | शनिवार, दुपारी ४.५०

माळ्यावर आहे. बायको भंगारात काढते, मी परत ठेवतो.

चाकोरीबाहेर | शनिवार, संध्याकाळी ६.००

विक्रोळीकर, ती कुंईंई अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) आहे. दहातल्या आठ वेळा अर्थिंगचा घोळ असतो. अँपची काळी वायर कुठे कसलीय?

विक्रोळीकर | शनिवार, संध्याकाळी ७.१५

सीट बेल्टच्या बोल्टखाली. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावलंय, घट्ट आहे.

आणि हो, लाल वायर बोनेटमधून बॅटरीला. फ्यूज अँपजवळ आहे, सीटखाली.

ओहमकार | शनिवार, संध्याकाळी ७.२२

थांबा. बॅटरीजवळ फ्यूज नाही?

विक्रोळीकर | शनिवार, संध्याकाळी ७.२४

नाही. एकच आहे, अँपला लागून.

ओहमकार | शनिवार, संध्याकाळी ७.४०

मग आत्ता खाली जा आणि ती लाल वायर बॅटरीवरून काढून ठेवा. गाडी वूफरशिवाय चालते. पुढचं नंतर वाचा.

फ्यूज अँप वाचवायला नसतो. त्यासाठी अँपच्या पोटात वेगळे फ्यूज असतात. वाटेतला फ्यूज वायर वाचवायला असतो. तुमची लाल वायर इंजिनाशेजारून पत्र्याच्या भोकातून आत येते. रोजच्या हादऱ्यांनी तिथे साल निघाली आणि वायर पत्र्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. सीटखालच्या फ्यूजला त्याचा पत्ताच लागत नाही, कारण करंट तिथपर्यंत पोचतच नाही. वायर लाल होते, मग तिच्यावरचं प्लास्टिक, मग कार्पेट. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, म्हणजे ४५ सेंटिमीटर. आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेवर बसणारी रिंग) हवाच हवा.

सीट बेल्टच्या बोल्टचा नाद सोडा. अपघातात तुमचं वजन त्याच्या भरवशावर असतं, त्याच्याखाली थिंबल घालून त्याची पकड बिघडवायची नाही. शिवाय तिथे रंग आणि लॉकटाइटसारखा गोंद असतो, अर्थिंग धड लागत नाही. सीटखालीच दुसरी जागा शोधा. रंग सॅन्डपेपरने खरवडून पत्रा चकचकीत करा, थिंबल, दातेरी वॉशर, नट. वर थोडं ग्रीस, आपल्या हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो. काळी वायर लाल वायरीइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड, हातभराच्या आत.

आता वायरीचं. कटरने टोक तासा आणि आत बघा.

विक्रोळीकर | शनिवार, रात्री ८.५०

वायर काढली. हात थरथरत होते, खरं सांगतो.

टोक तासलं. वरून तांब्याचा रंग, आत पांढरी.

ओहमकार | शनिवार, रात्री ९.१०

ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारातल्या बऱ्याच तयार किटमध्ये हीच येते. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रेझिस्टन्स साधारण दीडपट किंवा थोडा जास्त. वर जाड गुबगुबीत प्लास्टिक, त्यामुळे "आठ गेज" छापलेली वायर आत दहाची निघते (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक).

किटच्या मागे लागू नका. लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जा आणि १० स्क्वेअर एमएमची मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर मागा, लाल पाच मीटर, काळी एक मीटर. घरच्या इलेक्ट्रिशियनचीच वायर आहे, आठ गेजपेक्षा थोडी जाडच. बोनेटमधल्या भागावर कोरुगेटेड पाइप चढवा, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब बांधा. तुमचा अँप पूर्ण ताकदीने जरी वाजला तरी २०-३० अँपिअरच्या घरात ओढेल, तर बॅटरीजवळ ४० चा फ्यूज बास. तारेला सोसवेल त्यापेक्षा मोठा फ्यूज लावून "आता उडत नाही" म्हणणाऱ्या महाभागांपैकी होऊ नका.

आरसीए केबल (स्टिरिओचा सिग्नल अँपला नेणारी) कुठून नेलीय?

विक्रोळीकर | शनिवार, रात्री ९.१८

लाल वायरीबरोबर, एकाच टेपमध्ये बांधून. फिटर म्हणाला नीटनेटकं दिसतं.

ओहमकार | शनिवार, रात्री ९.२०

_/\_

पॉवर डावीकडून, आरसीए उजवीकडून. एकमेकींना ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात.

शिवडी नाका | शनिवार, रात्री ९.४५

मधेच घुसतोय, क्षमस्व. माझी अँप लावल्यापासून दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. हे पण ओहमचंच का?

चाकोरीबाहेर | शनिवार, रात्री ९.५८

नाही, तुमची रिमोटची बारीक वायर (अँपला चालू-बंद व्हायला सांगणारी) थेट बॅटरीच्या लाइनला जोडलेली असणार. अँप रात्रभर जागा. ती स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरीला द्या, नाहीतर किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवरून घ्या. चावी काढल्यावर अँपचा दिवा विझतो का तेवढं बघा.

शिवडी नाका | शनिवार, रात्री १०.२०

खाली जाऊन पाहिलं. दिवा चालू. गेले चार महिने मी बॅटरीवाल्याला शिव्या घालत होतो. दंडवत.

गिरगावचे काका | रविवार, सकाळी ८.०५

अवांतर: अँप शेजारच्या सीटखाली ठेवलायस, पण जूनमध्ये काय? हिंदमाताला एकदा दाराच्या रबरातून पाणी आत आलं की कार्पेटचा स्पंज दोन आठवडे ओला राहतो, वरून कळतही नाही. दोन इंच उंच प्लायच्या तुकड्यावर बसव. वर झाकू मात्र नकोस, त्याला वारा हवा.

विक्रोळीकर | पुढचा रविवार, संध्याकाळी ५.३०

मंडळी, रिपोर्ट.

काल लोहार चाळ, तिथून लॅमिंग्टन रोड (फ्यूज होल्डर, थिंबलं, दातेरी वॉशर). आज सकाळी आठपासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वॉचमन खुर्ची टाकून समोर बसला होता.

वूफर सीरिज केला, मीटर ७.१. अर्थिंग नवीन जागी. रंग खरवडला तर खाली आणखी एक करडा थर निघाला, तो पण काढावा लागला, मग कुठे पत्रा दिसला. आरसीए दुसऱ्या बाजूने. प्लायवर अँप, काकांचा मान. कुंईंई पूर्ण गेली. इंजिन चालू, गाणं बंद, कान स्पीकरला लावला तरी शांत.

आता गेन कसा लावू? फिटरने तीन चतुर्थांश फिरवून ठेवलाय.

ओहमकार | पुढचा रविवार, संध्याकाळी ६.१०

गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे. स्टिरिओचा सिग्नल आणि अँप यांची गाठ घालायचा स्क्रू आहे.

सगळ्या स्पीकरच्या वायरी अँपमधून काढा. स्टिरिओचा बास-ट्रेबल शून्यावर, अँपवरचा बास बूस्ट शून्यावर. स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊणपर्यंत, ४० पैकी ३०. फोनमध्ये शून्य डीबीचा टेस्ट टोन (एकाच सुराची चाचणीची फाइल) घ्या: पुढच्या स्पीकरसाठी १००० हर्ट्झ, वूफरसाठी ५०. मीटर एसी व्होल्टवर. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, तेवढे व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवा. पुढच्यांना ५० गुणिले ४, म्हणजे २०० चं वर्गमूळ, १४.१ व्होल्ट. वूफरला १०० गुणिले ८, म्हणजे ८०० चं, २८.३. वूफरचा फिल्टर तेवढ्यापुरता पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर आकडा फसवा येतो. वूफर स्वतः १०० वॉट आरएमएस सोसणारा असावा, पेटीवरचा "१२०० वॉट मॅक्स" वाचू नका, तो आकडा फक्त खोक्यासाठी असतो.

मग फिल्टर: पुढच्यांना हायपास ८० हर्ट्झ (त्यावरचेच सूर जातात), वूफरला लोपास ८० (त्याखालचेच जातात). हे स्टिरिओत किंवा अँपवर, एकाच ठिकाणी. दोन्हीकडे लावले तर मधेच आवाजाला खड्डा पडतो. शेवटी ओळखीचं गाणं लावून वूफरचं अधिक-उणं एकदा उलटं करून बघा, ज्या बाजूला बास भरीव लागेल ती ठेवा.

विक्रोळीकर | पुढचा मंगळवार, रात्री ११.००

गेन आधीपेक्षा निम्म्यावर आलाय आणि आवाज जास्त चांगला आहे, हे मला अजून पचत नाहीये. वूफर उलटा जोडूनच बरा वाजतो, तसाच ठेवला. दोन दिवस फोर्टपर्यंत गेलो-आलो, सोमवारी पाऊण तास ट्रॅफिकमध्ये, एसी चालू, आवाज तिशीवर. लाल दिवा नाही. अँपवर हात ठेवला तर कोमट.

मागचे दोन स्पीकर बंदच करून टाकले. एकाएकी गाणं समोर काचेवर आल्यासारखं झालं.

बायको पहिल्यांदा बसली होती. तबला लागला होता. दादरपर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, "हे आधीपासून असंच वाजत होतं का?" मी हो म्हणालो. किती खर्च झाला ते विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बोरिवली फास्ट | पुढचा मंगळवार, रात्री ११.१२

फिटरला सांगितलंस?

विक्रोळीकर | पुढचा मंगळवार, रात्री ११.२०

गेलो होतो. म्हणाला, "८ ओहमला बास येतच नाही साहेब." मग गाडीत बसवून पूर्ण गाणं ऐकवलं. उतरताना म्हणाला, "अँप चांगला निघाला तुमचा."

गिरगावचे काका | बुधवार, सकाळी ७.५०

आणि ती पांढऱ्या पोटाची पाच मीटर वायर?

विक्रोळीकर | बुधवार, सकाळी ९.०५

वॉचमनने नेली. गेटच्या केबिनपासून झाडापर्यंत बांधलीय, दोन टॉवेल वाळतायत.